सात जणींची मागणी

कोणती पोरगी कोणत्या संघात चालली आहे, हे कबड्डीच्या असोसिएशनला कळायच्या आधी मला कळतं. बोईसरला माझं खेळाच्या कपड्यांचं दुकान आहे. जर्सी शिवतो आणि पाठीवर नावं छापतो. गेल्या वर्षी एका संघाच्या ऑर्डरीत असलेलं नाव यंदा दुसऱ्याच संघाच्या ऑर्डरीत दिसलं की समजायचं, पोर उचलली. कोणाचा माल कुठे जातो हे एमआयडीसीतल्या टेम्पोवाल्याला जसं ठाऊक असतं, तसं हे मला. बोलत नाही, कारण धंदा आहे.

या सगळ्यात एकच संघ असा, ज्याच्या जर्सीवर नावंच नसायची. पाम गावचा चांदणी महिला संघ. छातीवर चांदणी, पाठीवर नंबर, काम खलास. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाई पैसे वाचवते आहे. म्हटलं, "सुलू, नावाचे वेगळे घेत नाही मी तुझ्याकडून. घालून टाकू?" तर डोळे वटारून म्हणाली, "नाव घातलं की पोर लोकांना वाचता येते, रामनाथभाऊ. वाचता आली की उचलतात."

ही सुलू कोण ते आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल जिल्ह्यात दोन मतं आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. मोठ्या क्लबांचे लोक म्हणतात, बाई गुणी आहे पण डोकं फिरलेलं. गावातले म्हणतात, डोकं ठीक आहे पण संसारात लक्ष नाही. संसार तिचा उत्तम चालला आहे. नवरा रिक्षा चालवतो, बायकोच्या वाटेला जात नाही आणि सामन्याच्या दिवशी पोरींना मैदानावर फुकट सोडतो. याहून सुखी संसार मी तरी पाहिलेला नाही.

नाव सुलभा राऊत. पंचेचाळिशीची, ठेंगणी, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. ती बोटं कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्यांचे घोटे धरण्यात वाकडी झाली. दिवसा ती एका कारखान्यात पॅकिंगला असते, कंत्राटी. वर्षानुवर्षं कंत्राटीच. दर काही महिन्यांनी कंत्राटदार सगळ्या बायकांना 'ब्रेक' देतो, म्हणजे कामावरून काढतो आणि पुन्हा नव्याने घेतो, कोणी कायम होऊ नये म्हणून. त्या ब्रेकच्या दिवसांत सुलू सकाळ-संध्याकाळ सराव घेते. "मालकाने दिलेली येवडीच सुट्टी," म्हणते, "ती त्याच्या नाकावर टिच्चून मी कबड्डीत घालवते." छापील कराराचं नाव काढलं की ही बाई का भडकते, ते यावरून ओळखा.

मोठ्या क्लबांची रीत सरळ आहे. पोरगी चढाईत चमकली की हंगाम संपता संपता यांचा माणूस तिच्या दारात हजर. बूट, ट्रॅकसूट, वसतिगृह, मानधन आणि पुढे नोकरीचं गाजर. बापाने सही केली की नोंदणी बदलली. सुलूकडे द्यायला काय? मातीचं मैदान आणि शाळेकडून मागून आणलेली मॅट. सुरुवातीच्या वर्षांत तिच्या सगळ्या चढाईवाल्या पोरी अशाच गेल्या. वर हे क्लबवाले स्टेजवरून तिचं कौतुक करायचे, "सुलूताईंचा संघ म्हणजे आपल्या जिल्ह्याची रोपवाटिका आहे." टाळ्या पडायच्या. सुलू खाली बसून दात-ओठ खायची.

मग तिने चढाईवाल्या शोधणंच बंद केलं. "चढाई सगल्यांना दिसते," मला म्हणाली. "पकड कोन बघतो? जी गोस्ट कोनाला नको ती मी गोला करते." आणि खरंच तिने जमवलेल्या बायका बघून मी जर्सीची मापं घेताना डोकं खाजवत बसायचो. किनाऱ्यावरच्या मुरबे गावची स्नेहल, दोन लेकरांची आई, तिशी ओलांडलेली, मोठ्या क्लबाने 'बुटकी' म्हणून परत पाठवलेली. पण बोंबलाच्या पाट्या वाहून तिचे खांदे असे झालेले की एकदा हिने मिठी घातली की समोरची जागची हलत नसे. बाकीच्याही तशाच, कोणी जाड म्हणून नाकारलेली, कोणी लग्न झालं म्हणून सोडून दिलेली. या अशा संघाने दोन वर्षांत जिल्ह्यातल्या भल्याभल्यांना घाम फोडला. चढाईत कमी पडायच्या, पण यांच्या अंगणात आलेली पोरगी सुखरूप परत जायची नाही.

तरी कबड्डी आहे, नुसत्या पकडीवर कुठवर निभणार? एक तरी चढाईवाली हवीच होती. ती सुलूला बोईसरच्या बाजारात सापडली. पोरगी डोक्यावर रानभाजीची टोपली घेऊन चालली होती. एक मोटरसायकल अंगावर आली, तशी ही कमरेत अशी काही वळली की मोटरसायकल निघून गेली आणि टोपलीतलं पानही पडलं नाही. सुलू कामावर निघाली होती. तो दिवस तिने बुडवला आणि पोरीच्या मागे मागे तिच्या पाड्यापर्यंत गेली. पोरीचं नाव भागी. बाप सुका, आई बायडी. डोंगराच्या उतारावर भाताचा लहानसा तुकडा, तो पावसावर पिकणारा, आणि दिवाळीनंतर दोघंही वीटभट्टीवर.

पुढच्या रविवारी सुलू भागीला संघासाठी मागायला गेली आणि तिथे जो घोटाळा झाला त्यावर आमचा अख्खा तालुका अजून हसतो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिने नारळ घेतला. सोबत खेळणाऱ्या सगळ्या जणी. आईबापाला बरं वाटावं म्हणून सगळ्यांना ठेवणीतल्या साड्या नेसायला लावल्या. आता विचार करा, नटूनथटून बायकांचा घोळका नारळ घेऊन दारात आला आणि पुढची बाई म्हणते, "आमी तुमच्या पोरीसाठी आलोय." सुका काय समजणार? त्याने शेजारच्या म्हाताऱ्यांना बोलावून घेतलं, ताडी मागवली. भागी लाजून घरामागे पळाली.

"पोरगा काय काम करतो?" सुकाने विचारलं.

"पोरगा कोनचा?" सुलू म्हणाली. "पोरी हायत. सात."

"सात पोरी? आन नवरा?"

"नवऱ्याचं आमाला काय काम?"

सुका आ वासून बघत राहिला. स्नेहल मला सांगत होती की आधी बायडीला हसू फुटलं, मग म्हाताऱ्यांना, आणि मग कोणाला थांबता येईना. सुलूने कबड्डी समजावून सांगितली. सुकाने ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "ता ठीक हाय. पन नारल घेऊन माज्या दारात बसल्या म्हंजे मागनी झाली. आता देज काय द्याल ता सांगा." देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं असतं ते. तो चेष्टेत बोलला असेल, पण सुलूला चेष्टा कळत नाही. तिने मागच्या उतारावरच्या भाताकडे बघितलं आणि म्हणाली, "पैसा नाय मजकडं. लावनीला नि कापनीला सात जनी येऊ. ही खेलेल तवर, दरसाल." सुकाने नारळ फोडला.

तिथून सुलूला तिच्या संघाची रीत सापडली. गावाकडे जिला सावड म्हणतात, तीच. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. भागीच्या घरची कापणी अख्ख्या संघाने करायची. स्नेहल सामन्याला गेली तर तिच्या सासूचे बोंबील सुकत घालायला न खेळणाऱ्या दोघी मुरब्याला जायच्या. ती सासू, सुगंधाकाकी, आधी सुनेच्या कबड्डीचं नाव ऐकलं की नाक मुरडायची. एकीच्या जागी दोन जणी राबायला मिळतात म्हटल्यावर स्वतः विचारू लागली, "पुडचा सामना कदी हाय गो?" आईबाप भट्टीवर गेले की भागी हंगामभर सुगंधाकाकीकडेच राहायची. सुका पाड्यावर सांगायचा, पोरगी सासरी गेली.

या रीतीत आणखी एक गोष्ट होती. जी दुखावली तिची जागा जात नसे. खेळो न खेळो, संघात तिचा नंबर तिचाच. प्रियंकाचं उदाहरण देतो. ही सुलूची जुनी चढाईवाली, पूर्वी मोठ्या क्लबाने नेलेली. दुसऱ्या हंगामात तिचा गुडघा गेला. क्लबाने ट्रॅकसूट राहू दिला आणि वसतिगृहाची खोली रिकामी करून घेतली. पोरगी काठी टेकत घरी आली, लाजेने तोंड दाखवेना. सुलू तिच्याकडे गेली आणि एवढंच म्हणाली, "सरावाला ये. शिट्टी कोन वाजवील?" मला येऊन सांगितलं, "नऊ नंबर प्रियंकाचा." मी म्हटलं, "ती खेळणार आहे?" तर माझ्यावरच उखडली, "खेलायला नंबर देतात का फकत?"

आता गोष्ट गेल्या ऑक्टोबरची.

भागीला तिसरं वर्ष लागलं होतं आणि तिची चढाई आता लपवून लपणारी राहिली नव्हती. जर्सीवर नाव नसलं तरी लोक तिला वाचू लागले. एका सकाळी कमलेश माझ्या दुकानात आला. शहरातल्या मोठ्या क्लबाचा व्यवस्थापक. तिशीतला, गोड बोलणारा. त्याच्या क्लबाचे पुरुष, महिला, कुमार असे सगळे संघ कपडे माझ्याकडून घ्यायचे. म्हणजे माझ्या घरची चूल निम्मी त्याच्यावर. तो म्हणाला, "रामनाथजी, त्या भागीच्या पाड्याचा रस्ता तुम्हाला माहीत आहे म्हणे. चला ना सोबत. पंधरा मिनिटांचं काम आहे."

कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? गेलो. गाडीत त्याने मला करार दाखवला, तीन वर्षांचा. शिवाय सुकाला एकरकमी काही देणार होता, त्याला भट्टीवर जावं लागू नये इतकं. मी गप्प बसून रस्ता दाखवत राहिलो. मनात म्हणत होतो, सुलू, यंदा तू संपलीस. भागी गेली की संघात उरणार पकडी आणि पकडी, आणि जिल्हा स्पर्धेतून तुझ्या चांदणीची पहिल्याच दिवशी परतपाठवणी. मला राग येत होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं. तो माणूस पोरीचं वाईट करायला निघाला होता असंही नाही.

उतारावर गाडी थांबली आणि मला वाटलं, उतरूच नये. त्या दिवशी सुकाची कापणी होती. शेतात पाठीमागून सगळ्या जणी दिसत होत्या, ओणव्या, हातात विळे. पुढे सुलू. एका कडेला प्रियंका दुखरा पाय लांब करून बसली होती आणि कापलेल्या भाताच्या पेंढ्या बांधत होती. आंब्याखाली सुगंधाकाकी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन बसली होती. कमलेशने प्रियंकाला ओळखलं, तिला नेणारा क्लब त्याचाच. तिनेही त्याला ओळखलं. तो झटकन दुसरीकडे बघायला लागला आणि ती पेंढी बांधत राहिली.

सुकाने त्याला बसायला घोंगडी दिली. कमलेशने सगळं नीट, सोप्या शब्दांत सांगितलं. त्याच्याबद्दल खोटं बोलणार नाही, गोड बोलला तरी फसवून बोलला नाही. बूट, खोली, मानधन, शिक्षण, आणि सुकासाठी ती रक्कम. विळे थांबले होते. सगळ्या जणी बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

सुकाने मान हलवली. "पोरगी दिलेली हाय," तो म्हणाला.

"म्हणजे? लग्न ठरलंय?"

"हिला दिलेली हाय." त्याने सुलूकडे हात केला. "नारल फोडलाय."

कमलेश हसला. "काका, ते झालं घरगुती. मी म्हणतोय ते कायदेशीर. सही, शिक्का."

तेवढ्यात बायडी पुढे आली. आजवर ही बाई चार शब्द बोललेली मी ऐकली नव्हती. नवऱ्याला म्हणाली, "तुजा नारल ऱ्हाऊ दे. माला भट्टीवर नाय जायचा आता. पाठ मोडली माजी. पोरीचा बरा होते, आपला बरा होते. घे कागद." आणि रडायला लागली.

खरंच होतं तिचं. उन्हातान्हात विटा थापायला जाणाऱ्या बाईला नारळाची गोष्ट कोण सांगणार? मी सुलूकडे बघितलं. मला वाटलं, आता ही भांडणार, आठवण करून देणार, आम्ही तीन वर्षं राबलो म्हणणार. तिचा चेहरा लाल झाला होता. पण ती सुकाला म्हणाली, "मी नारल परत घेतला. पोरगी कोनाला दिलेली नाय. मलाबी नाय नि यालाबी नाय. आज ही कापनी आमी पुरी करू, ती काय सांगेल ते सांगू दे. इचारा तिला. बाकीच्यांनी तोंडं मिटा."

स्नेहलने तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

भागी विळा हातात घेऊनच उभी होती. अठरा-एकोणीसची पोर, तोंडावर भाताची धूळ. तिने आईकडे बघितलं, मग कमलेशकडे. विचारलं, "प्रियंकाताईची खोली माला द्याल काय?"

कमलेश गडबडला. "खोल्या पुष्कळ आहेत."

"तिची तुमी काढून घेतली ना. मंग माजीबी घ्याल. गुडगा माला पन हाय."

"तसं नसतं ग. करारात सगळं लिहिलेलं असतं."

"बरा," भागी म्हणाली. "आन तुमी येकटेच आलात?"

"एकटा म्हणजे? हे रामनाथजी आहेत की."

"ते तं कपडेवाले." मला वाईट वाटलं, पण बरोबर होतं. "मागनी घालाया येकटा कोन येत नाय आमच्यात. या सात जनी आल्या होत्या. तुमच्या सात जनी कुठं हायत? त्यांना इचारायचा हाय माला, तुमी कसे हाव."

कमलेश हातातला करार चाळायला लागला. शहरातल्या त्याच्या सात जणी एकमेकींशी तरी बोलत होत्या की नाही, देव जाणे. दर हंगामाला त्यातल्या निम्म्यांची नावं मीच बदलत होतो.

पण बायडी अजून रडत होती. भागी आईसमोर बसून म्हणाली, "आये, तू सांगशील तं मी जाईन. तुजी भट्टी सुटावी म्हनून जाईन. खेलासाठी नाय." मघापासूनचा सगळा तोरा उतरला होता. मला वाटलं, संपलं. सुलूने पाठ फिरवली आणि पुन्हा भात कापायला ओणवी झाली. एवढ्या जोरात विळा मारत होती की धसकटं उडत होती.

आंब्याखालून सुगंधाकाकी उठली. जाडजूड बाई, उठताना गुडघे वाजले. कमरेवर हात ठेवून बायडीसमोर उभी राहिली. "रडतेस कशाला गो? भट्टीला नाय जायचा तं नको जाऊ. मुरब्याला चल. दोगांनी. मासली सुकवायला मानसं लागतातच मला, तुज्या पोरीला ठेवलीच हाय, आनखी दोन ठेवीन. रोज देईन तो सगल्यांना देते तोच, उपकार नाय करत. आन वास सहन होत असल तरच ये, मागून नाक दाबून बसायचा नाय."

"काकी," कमलेश म्हणाला, "मी देतोय त्याच्यापुढे हे काहीच नाही."

"तू कोनाशी बोलतोस?" काकी गरजली. "मी तुज्याशी बोलते काय? मी माज्या व्याहीनीशी बोलते."

बायडीने पदराने डोळे पुसले. सुगंधाकाकीला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाली, "वासाचा काय नाय. भट्टीच्या धुरापेक्षा बरा असल." आणि कागदाकडे न बघता विळा उचलून शेतात उतरली. भागी तिच्यामागे गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत कमलेश एकच वाक्य बोलला, "भावनेवर संघ चालत नाहीत, रामनाथजी." मी म्हटलं, "भावना कसली? सुलूच्या बायकांनी सगळ्यांत जास्त बोली लावली, तुम्हाला परवडली नाही."

दोन दिवसांनी सुलू दुकानात आली. पिशवीतून सगळ्या जर्स्या काढून माझ्या टेबलावर आपटल्या. "नावं घाला."

"वाचता येतील की पोरी," मी तिला चिडवलं.

"वाचू देत. मोठ्या अक्षरात घाला. आंधल्याला दिसली पायजेत." दारातून परत वळली. "नऊ नंबरवरबी."

जिल्हा स्पर्धेत आमच्या पोरी अंतिम सामन्यात गेल्या. आमच्या म्हणतो, कारण त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून तिथे घसा फोडत होतो. समोर कमलेशचा क्लब. त्यांची कर्णधार समिधा, उंच, जबर खेळणारी. एका गुडघ्याला पट्टा बांधूनच उतरली होती. सामना असा झाला की सुगंधाकाकी खुर्चीवर उभी राहिली आणि मागच्यांनी ओरडूनही खाली बसली नाही. स्नेहलने समिधाला दोनदा धरलं. भागी एकदा त्यांच्या तिघींना घेऊन परत आली. शेवटच्या चढाईला आम्ही दोन गुणांनी मागे होतो. भागी आत गेली, एकीला शिवली, वळली आणि मधल्या रेषेपासून हातभर अंतरावर समिधाने तिला कमरेत धरलं. भागीने हात लांब केला. पोचला नाही. शिट्टी झाली.

हरलो. गोड गोड काही सांगत नाही, हरलो. भागी मॅटवर पालथी पडून रडली आणि सुलूचं तोंड बघवत नव्हतं.

बक्षीस समारंभाला तेच नेहमीचं. उपविजेत्या संघाला बोलावताना एक पदाधिकारी माईकवर म्हणाले, "पामचा संघ, आपल्या जिल्ह्याची रोपवाटिका!" सुलू ढाल घ्यायला स्टेजवर गेली होती. तिने ढाल एका हातात घेतली आणि दुसऱ्या, वाकड्या बोटांच्या हाताने त्यांच्या पुढचा माईक ओढून घेतला. "साहेब, रोपं आमी लावतो, निंदतो आमी, कापतो आमी. आमचं शेत हाय हे. आजपासून रोपवाटिका बोललात तर स्टेजवर येऊन माईक तोडीन." मांडवात टाळ्या उसळल्या. त्या विजेत्या संघाला पडल्या त्यापेक्षा जास्त होत्या, हे मी कोणत्याही देवळात शपथेवर सांगेन.

सामान आवरताना समिधा आमच्याकडे आली. मागे थोड्या अंतरावर कमलेश फोनवर बोलत उभा होता. आधी तिने भागीशी हात मिळवला. मग तिची नजर प्रियंकाच्या पाठीवर गेली. दोघी क्लबात एका खोलीत राहिलेल्या. जर्सीवर मोठ्या पिवळ्या अक्षरात 'प्रियंका' आणि खाली नऊ.

"तू खेळत नाहीस ना आता?" तिने विचारलं.

"नाय," प्रियंका म्हणाली. "शिट्टी वाजवते. कापनीला पेंढ्या बांधते."

"मग नाव?"

"माझंच हाय. म्हनून."

समिधा पट्ट्यावरून गुडघा चोळत राहिली. मग सुलूकडे वळली. आवाज बारीक होता, पण कमलेशचा फोन कानावरून खाली आला, म्हणजे त्यालाही ऐकू गेलं असावं.

"सुलूताई, तुमच्याकडे लावणी कधी असते?"

सुलूने तिच्या पट्ट्याकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. "आषाढात," म्हणाली. "गुडगा दुखत असल तर बांधावर बस, रोपांच्या मुठी बांधून दे. पन ये."

मी शिंपी माणूस, मापाची टेप गळ्यात असतेच. ती काढून प्रियंकाच्या हातात दिली. तिने समिधाच्या खांद्याला लावली. माझी निम्मी चूल तिकडे फोन धरून उभी होती, त्या कमलेशकडे सरळ बघत मी मोठ्याने विचारलं, "किती भरलं गं?"